आयुष्यात बेसबॉलचा संघ बदलला, तर तो माणूस पक्का चाहता म्हणायचा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लहानपणी धरलेला संघ मरेपर्यंत सोडायचा नाही असं अमेरिकेतले बेसबॉलवाले छाती ठोकून सांगतात, मग मध्येच संघ बदलणाऱ्याला काय म्हणायचं? मी आजवर तीन संघ केले, त्यातला एक चोरून. तेव्हा हे उत्तर आरोपीच्या पिंजऱ्यातून आलंय असं समजा.

आपल्याकडे कुलदैवत बदलत नाही. माणूस कुठंही गेला तरी जेजुरी नाहीतर तुळजापूर सुटत नाही. ग्रामदैवताचं वेगळं असतं. ज्या गावात चूल मांडली, त्या गावच्या जत्रेत नारळ फोडायचा. इथले लोक संघाला कुलदैवत समजतात, मला तो पहिल्यापासून ग्रामदैवत वाटत आला. खोड जुनीच आहे. सांगलीत होतो तोवर रणजीत मी महाराष्ट्राचा. मुंबईनं १९५८-५९ पासून ओळीनं १५ वर्षं रणजी जिंकली. त्यातली १९७०-७१ ची फायनल महाराष्ट्राविरुद्ध होती. आठ वर्षांचा मी त्या रात्री न जेवता झोपलो. पुढं इंजिनिअरिंगला माटुंग्याला आलो आणि दोन वर्षांत मुंबईच्या नावानं ओरडायला लागलो. घरी कळवलं नाही.

१९८६ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला उतरलो तो फ्लशिंगला मावशीकडे. मेट्स या तिथल्या बेसबॉल संघाचं शे स्टेडियम तिथून सात नंबरच्या ट्रेननं एक स्टेशन. मावशीचे यजमान, आम्ही त्यांना काका म्हणायचो, टीव्हीसमोर वही-पेन्सिल घेऊन बसायचे आणि प्रत्येक चेंडूचा हिशेब लिहायचे. मैदानावरच्या नऊ जागांना नऊ आकडे असतात: पिचर (चेंडू फेकणारा) १, कॅचर (बॅटरमागं झेलणारा) २, पहिला बेस ३, असं ९ पर्यंत. शॉर्टस्टॉपनं, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मध्ये उभ्या असलेल्यानं, चेंडू उचलून दुसऱ्या बेसला दिला, तिथून पहिल्या बेसला गेला आणि दोघे बाद झाले, की काका लिहायचे ६-४-३. देवनागरीत. आकडे त्यांना मराठीतच सुचायचे.

२५ ऑक्टोबरच्या रात्री वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे हंगामाच्या फायनलचा, सहावा सामना होता. सातांपैकी चार जो आधी जिंकेल तो विजेता. बोस्टन रेड सॉक्स सिरीजमध्ये ३-२ नं पुढं. नऊ डावांत बरोबरी झाली म्हणून दहावा डाव, त्यात ते ५-३ नं पुढं होते, मेट्सचे तीनपैकी दोन बाद, बेसवर कोणी नाही. काकांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि मावशीला म्हणाले, पानं वाढा. तेवढ्यात लागोपाठ तीन हिट बसले. मग एक चेंडू कॅचरला चकवून मागं गेला आणि बरोबरी झाली. मग मुकी विल्सननं एक सरपटता, अगदी मिळमिळीत चेंडू पहिल्या बेसकडे ढकलला आणि तो बिल बकनरच्या दोन पायांतून मागं निघून गेला. मेट्स ६-५. दोन महिन्यांत मला त्या खेळातलं फारसं काही कळलं नव्हतं, पण हातातला चेंडू सोडण्याचं दुःख सांगलीच्या पोराला समजवावं लागत नाही. काकांनी वहीत लिहिलं: ई-३. म्हणजे चूक, पहिल्या बेसवाल्याची. (बकनरला लोक पुढं कित्येक वर्षं छळत राहिले. बरोबरी त्याच्या आधीच झाली होती आणि सातवा सामना शिल्लक होता, हे कोणाला आठवायचंच नव्हतं.) मी मेट्सचा झालो आणि वहीचाही.

१९८८ ला नोकरीनं सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्व काठावर आणून टाकलं, हेवर्डला. तिथलं दैवत ओकलंड ॲथलेटिक्स, लाडानं ‘एज’. हिरवा-पिवळा वेश, बार्ट या तिथल्या लोकल ट्रेनच्या स्टेशनवरून थेट स्टेडियमात उतरवणारा पूल, आणि ओकलंडातच वाढलेला रिकी हेंडरसन, जो बेस चोरायचा, म्हणजे पिचर चेंडू टाकत असतानाच पळून पुढचा बेस गाठायचा, तेव्हा पिचर रडकुंडीला यायचे. १९८९ ला वर्ल्ड सिरीज एज विरुद्ध सॅन फ्रान्सिस्कोचे जायंट्स, म्हणजे उपसागराच्या दोन काठांची. १७ ऑक्टोबरला संध्याकाळी ५ वाजून ४ मिनिटांनी तिसऱ्या सामन्याआधी भूकंप झाला. ओकलंडमध्ये दुमजली हायवेचा वरचा मजला खालच्यावर बसला. ६३ माणसं गेली. मॅच बघायला लोक लवकर घरी गेले होते म्हणून रस्ते रिकामे होते, नाहीतर आकडा कितीतरी वाढला असता, असं तेव्हापासून म्हटलं जातं. मीही मॅचसाठीच लवकर निघालो होतो. दहा दिवसांनी सिरीज पुन्हा सुरू झाली, एजनी चारही सामने जिंकले. त्या दहा दिवसांनंतर मला मेट्सचा म्हणवून घेता येईना.

मुलगी १९९३ ची. तिच्यासाठी मात्र एज हे कुलदैवतच, तिचा जन्मच तिथला. ४ सप्टेंबर २००२, बुधवार. एज सलग १९ सामने जिंकले होते, विसावा कॅन्सस सिटीशी. एज ११-० नं पुढं गेले. ११-५ झाल्यावर मी म्हणालो, चला, उद्या शाळा आहे. नऊ वर्षांची ती काही न बोलता पुलावरून माझ्यापुढं चालत राहिली. घराजवळच्या फ्रीमाँट स्टेशनच्या पार्किंगमध्ये गाडी चालू केली, रेडिओ लागला, आणि स्कोअर ११-११. दार न लावता दोघं तसेच बसलो. नवव्या डावात बदली म्हणून आलेल्या स्कॉट हॅटबर्गनं होम रन मारला, १२-११, आणि रेडिओवरच्या समालोचकाचा, बिल किंगचा, आवाज फाटला. मुलीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अजून लग्नकार्यात चार माणसांत ती हा किस्सा सांगते.

आता चोरीचं. माझं ऑफिस सॅन फ्रान्सिस्कोत गेलं, जायंट्सच्या नव्या स्टेडियमपासून पंधरा मिनिटांवर. पाण्याच्या काठावर मैदान, चेंडू बाहेर गेला तर थेट उपसागरात, तिथं लोक होड्या घेऊन वाट बघत बसलेले. कोण मोहात पडणार नाही? २०१० ला जायंट्स जिंकले, सॅन फ्रान्सिस्कोला आल्यापासूनची पहिली वर्ल्ड सिरीज. मी जेवणाच्या सुट्टीत मिरवणूक बघायला गेलो आणि भगवी टोपी घेऊन आलो. ती ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच असायची. तीन-चार वर्षं मी गाडीत हिरवा आणि ऑफिसात भगवा होतो. बायकोला माहीत होतं. याला मात्र तुम्ही जे म्हणाल ते मी मान्य करतो, कारण मी राहत होतो फ्रीमाँटला, एजच्या काठावर.

आणि मग देवच उठला. मुळात दोन्हीही फिरस्तेच: जायंट्स १९५८ ला न्यूयॉर्कहून आलेले, एज फिलाडेल्फियाहून कॅन्सस सिटीमार्गे १९६८ ला. आता एज लास वेगासला जायचं ठरलं. १३ जून २०२३ ला ओसाड पडणाऱ्या त्या स्टेडियमात आम्ही २७,००० वर माणसं मुद्दाम जमलो, मालकानं संघ विकावा म्हणून ‘विका’ असं लिहिलेले हिरवे टी-शर्ट घालून. पाचव्या डावाच्या सुरुवातीला एक बॅटर संपेपर्यंत सगळे गप्प बसायचं ठरलं होतं. एवढ्या माणसांची शांतता मी त्याआधी ऐकली नव्हती. उपयोग काही झाला नाही. २६ सप्टेंबर २०२४ ला ओकलंडमधला शेवटचा सामना झाला, एज ३-२ नं जिंकले. या वेळी मी शेवटचा बाद होईपर्यंत जागचा हललो नाही, मुलगी शेजारी होती. रिकी हेंडरसनही आला होता. डिसेंबरमध्ये तो गेला.

वेगासचं मैदान तयार होईपर्यंत संघ मुक्कामाला आहे वेस्ट सॅक्रामेंटोत, छोट्या लीगच्या मैदानावर. मुलगी गेली पाच वर्षं नोकरीनं सॅक्रामेंटोतच राहते. म्हणजे माझ्या नियमानं ते आता तिचं ग्रामदैवत, आणि तिलाच ते पटत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये तिथं मेट्स खेळायला आले, तेव्हा तीच म्हणाली, ‘बाबा, एकदा बघून तर येऊ.’ टॉवर ब्रिजवरून चालत गेलो. संघाच्या नावात आता गाव नाही, नुसतं ‘ॲथलेटिक्स’. मी वही काढली, वरच्या ओळीत एका बाजूला ‘मेट्स’ लिहिलं, दुसऱ्या बाजूला सवयीनं हात चालला आणि मध्येच थांबला. मुलीनं वाकून वाचलं.

‘ओकलं?’ ती म्हणाली, आणि इतकी हसली की पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

खोडरबर नव्हतं. तसंच ठेवून मी खाली मेट्सच्या पहिल्या बॅटरचं नाव लिहिलं.