सरावात नीट, सामन्यात हात ऐकत नाही

"नेटमध्ये चेंडू बरोबर टप्प्यावर पडतात, मॅच सुरू झाली की वाईडवर वाईड. पोरगं मनाने कच्चं आहे का हो?" पुण्या-नाशिकचे पालक मला हे विचारतात. न्यू जर्सीतल्या मराठी आईबाबांचाही प्रश्न हाच असतो, फक्त त्यांच्या मुलांच्या हातात बेसबॉल असतो. मी अमेरिकेत खेळाडूंचं समुपदेशन करते. उत्तर म्हणून इथल्याच एका मायनर लीग पिचरची, म्हणजे बेसबॉलच्या खालच्या पायरीवर खेळणाऱ्या चेंडू टाकणाऱ्याची, हकिगत सांगते. त्याची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मेजर लीग म्हणजे सगळ्यात वरची लीग. तिच्या 30 संघांच्या हाताखाली मायनर लीगचे 120 संघ आहेत. सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए अशा चढत्या पायऱ्या. हा मुलगा डबल-एमध्ये होता. 2023 च्या करारानंतरही त्या पायरीवर किमान पगार वर्षाला साधारण 30 हजार डॉलर. लांबलांबचे बसप्रवास, आणि कुठल्याही सकाळी हातात नारळ मिळण्याची भीती. पिचर 18.44 मीटरवरून चेंडू टाकतो आणि समोरची होम प्लेट जेमतेम 43 सेंटिमीटर रुंद. बॅटरने न खेळलेले चार चेंडू प्लेटवरच्या ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेले की तो आयताच पहिल्या बेसवर जातो. त्याला 'वॉक' म्हणतात. हा मुलगा वॉकवर वॉक देत होता. एक इनिंगही, म्हणजे तीन बॅटर बाद होईपर्यंतची एक पाळी, पुरी करता येईना.

"हात माझा राहिलाच नाही," हे त्याचं पहिलं वाक्य.

माझ्याकडे येईपर्यंत प्रत्येकाने त्याला काही ना काही शिकवून झालं होतं. कोणी म्हणालं कोपर वर घे, कोणी म्हणालं पाऊल आखूड टाक. रात्री हॉटेलवर तो मोबाइलवर स्वतःचेच व्हिडिओ थांबवून थांबवून बघत बसायचा.

मी आधी विचारलं ते कोपराचं. पिचरच्या कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध झिजू लागला की कधीकधी दुखणं जाणवण्याआधी दिशा बिघडते. 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर जी शस्त्रक्रिया केली, ती याच अस्थिबंधाची. एमआरआय झाला, तो स्वच्छ निघाला. ही तपासणी झाल्याशिवाय मी मनाचा विषय काढतच नाही. शरीराचं दुखणं मनावर ढकलणं हा मुलांवर सरळसरळ अन्याय आहे.

मग त्याला स्टीव्ह ब्लास यांची गोष्ट सांगितली. पिट्सबर्ग पायरेट्सचे हे पिचर. 1971 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेत, सातवा, निर्णायक सामना त्यांनी जिंकून दिला. 1972 मध्ये जवळजवळ 250 इनिंग टाकून त्यांनी 84 वॉक दिले होते. पुढच्या वर्षीही वॉक 84 च, पण ते 89 इनिंगही पुऱ्या न होता. थोड्याच काळात कारकीर्द संपली. सेंट लुईस कार्डिनल्सचा रिक अँकील 2000 च्या प्लेऑफमध्ये अवघा 21 वर्षांचा होता. एकाच इनिंगमध्ये त्याचे पाच चेंडू बॅटरमागे बसलेल्या कॅचरच्या आवाक्याबाहेर गेले. पुढे तो पिचिंग सोडून आउटफिल्डर, म्हणजे मैदानात मागे उभा राहणारा क्षेत्ररक्षक म्हणून मेजर लीगमध्ये परतला. क्रिकेटमध्येही हे घडतं. 2001 मध्ये लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यात लेस्टरशायरच्या स्कॉट बॉसवेलचं एक षटक 14 चेंडूंचं झालं होतं. वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना जिंकणारा माणूस मनाने कच्चा असेल? हे ऐकून तो मुलगा पहिल्यांदा खुर्चीत जरा टेकून बसला. आपण एकटेच असे नाही, हे कळण्याचं मोल फार मोठं असतं.

उलगडा मात्र वेगळ्याच ठिकाणी झाला. त्याच्या पिचिंग कोचला मी विचारलं, चुकलेले चेंडू नेमके कुठे जातात आणि समोर कोण असताना? कोचने जुन्या नोंदी काढल्या. बुलपेनमध्ये, म्हणजे पिचरच्या सरावाच्या जागेत, चेंडू ठीक. प्लेटशेजारी प्लॅस्टिकचा पुतळा उभा केला तरी ठीक. जिवंत माणूस उभा राहिला की बिघाड, त्यातही उजव्या हाताचा बॅटर असला की जास्त. आणि चेंडू सुटायचा तो नेहमी बॅटरपासून लांब, पार बाहेर.

मी त्याला विचारलं, "तुझा चेंडू कुणाला लागला होता का?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग सांगू लागला. ताशी 150 किलोमीटरच्या आसपासचा चेंडू हातातून निसटला आणि उजव्या हाताच्या एका बॅटरच्या गालावर, हेल्मेटच्या खाली बसला. तो कोसळला. त्याला मैदानाबाहेर नेलं, पुढचा बॅटर आला आणि खेळ चालू झाला. डगआउटमध्ये सगळ्यांनी पाठ थोपटली, "होतं असं, खेळच आहे." त्यानंतर कोणी तो विषय काढला नाही. त्यानेही नाही. त्या बॅटरचं पुढे काय झालं, हे विचारायचं धाडस त्याला झालं नव्हतं.

तो ज्या हाताला दोष देत होता, तो हात समोरच्या माणसाला वाचवत होता.

क्लबमार्फत त्या बॅटरकडे निरोप गेला. हाड जुळलं होतं, तो पुन्हा खेळत होता. दोन ओळींचं साधं उत्तर आलं, आणि ते वाचून हा मुलगा माझ्यासमोर ढसाढसा रडला. त्यानंतर कामाला खरी सुरुवात झाली. आधी चेहऱ्याला जाळी लावलेला सहकारी आणि मऊ चेंडू. मग खरा चेंडू, पण डावखुरा बॅटर. उजव्या हाताचा अगदी शेवटी. नजर कॅचरच्या ग्लव्हवरच्या एका शिवणीवर ठेवायची, कोपर हा शब्द कोणी उच्चारायचा नाही, आणि सूचना एकाच कोचने द्यायच्या. रात्रीचे व्हिडिओ बंद.

"लक्ष दे" हा सल्ला अशा वेळी घात करतो. जिना उतरताना प्रत्येक पायरीला पावलांकडे बघत गेलं की पाय अडखळतोच. वर्षानुवर्षांच्या सरावाने हाताला येणारं काम पुन्हा तुकड्या-तुकड्याने तपासायला लागलं की त्याची लय जाते. सगळ्यांच्याच मागे असा अपघात असतो असं नाही. ब्लास यांना तर कारण कधी सापडलंच नाही. पण पहारा देणारं मन मी जवळपास प्रत्येकात पाहिलं आहे. 2022 पासून मायनर लीगमध्ये सगळीकडे चेंडू टाकायला घड्याळ लावलं. अशा मुलांना त्याचं दडपण येईल असं पुष्कळांना वाटलं, पण याला ते मानवलं. विचार करत उभं राहायला वेळच उरेना.

सुधारणा सरळ रेषेत झाली नाही. पण मोसमाच्या शेवटी तो रिलीफ पिचर, म्हणजे सामन्यात मधेच बदली येणारा पिचर म्हणून पुन्हा माउंडवर, चेंडू टाकायच्या उंचवट्यावर, उभा राहिला. वॉक कमी झाले, अगदी पूर्वीइतके नाहीत. पुढच्या वसंतात क्लबने त्याला सोडलं. मला फार वाईट वाटलं. हे मुद्दाम सांगते, कारण समुपदेशनाने संघातली जागा पक्की होईल असं पालकांना वाटतं. ती खात्री माझ्यापाशी नाही. आता तो मेजर लीगच्या संघांशी न जोडलेल्या स्वतंत्र लीगमध्ये खेळतो, झोप नीट लागते, आणि बॅटर समोर असताना चेंडू टाकतो.

तर ज्यांनी विचारलं त्या आईबाबांना सांगते: आधी खांदा, कोपर आणि पाठ डॉक्टरांना दाखवा. मग चेंडू कुठे जातो आणि समोर कोण असताना जातो, हे काही सामने नुसतं टिपून ठेवा, मुलाला न दाखवता. घरी परतताना गाडीत सामन्याचा विषय काढू नका. कोणाला लागलं होतं का, कोणी काही बोललं होतं का, हे एखाद्या निवांत वेळी विचारा आणि उत्तराची घाई करू नका. आणि एकटा असताना, कोणी बघत नसतानाही चेंडू सोडताना बोटं किंवा मनगट आपोआप वळत असेल, तर माझ्याआधी मेंदूविकार तज्ज्ञाकडे जा. हाताच्या एकाच ठरावीक हालचालीत स्नायू आखडण्याचा एक आजार असतो. त्याचे उपचार वेगळे आहेत.