शिकवणारं जवळ कुणी नसताना पेडल स्टील गिटारचा रियाज कसा करावा?

तुम्ही मालवणात एकटेच शिकताय. बोटं बऱ्यापैकी फिरतात, पण कॉर्ड कधी गोड लागते तर कधी बोचते, आणि वेग वाढवला की स्वर एकमेकांत मिसळतात, असं लिहिलंय. मी वेंगुर्ल्याला हेच वाद्य वाजवतो: आडवी ठेवलेली, तारांवर धातूचा बार सरकवून आणि पायाच्या पेडलांनी तारांचा स्वर चढवून वाजवायची गिटार. माझं मत स्पष्ट आहे: वेग सध्या बाजूला ठेवा आणि तानपुरा लावा.

तुमची गिटार दहा तारांची, ई नाइन्थ ट्यूनिंगची (म्हणजे तारा ई कॉर्डच्या स्वरांभोवती लावलेली) आहे असं धरतो. तानपुऱ्याचं ॲप पांढरी तीनमध्ये सुरू करा. आता चौथी तार सा, पाचवी पंचम, सहावी गंधार. पहिलं पेडल पंचमाचा धैवत करतं, दुसरं गंधाराचा मध्यम. भजनं ऐकत वाढलेल्या कानाला ही वाट ओळखीची आहे. मग टॅब, म्हणजे तारा-फ्रेटचे लिहिलेले आकडे, घोकत बसावं लागत नाही.

बोचण्याचं मूळ बहुधा गंधारात आहे. ट्यूनरचा काटा मधोमध आणून सहावी तार लावली की तो पेटीचा गंधार होतो. तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येणारा गंधार त्याहून सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) खाली असतो. म्हणून चौथी तार ट्यूनरने लावा, पाचवी तानपुऱ्याच्या पंचमाशी मिळवा, आणि गंधाराच्या दोन्ही तारा, तिसरी (वरच्या सप्तकातली) आणि सहावी, अगदी हळू उतरवत जा. स्वरातली थरथर थांबली की तिथेच ठेवा. मग दोन्ही पेडलं दाबून धरून धैवत मध्यमाशी जुळवा. तोही ट्यूनरपेक्षा खालीच बसतो.

आता खरा रियाज. चौथी आणि पाचवी तार एकत्र छेडा. पहिलं पेडल चार मात्रांत दाबत न्या, चार मात्रांत सोडा. सा जागचा हलत नाही आणि पंचम सरकत धैवतावर जातो. गिटारवर राग वाजवणाऱ्या ब्रिजभूषण काबरांची मींड बारने यायची. बार सरकला की त्याच्याखालच्या सगळ्या तारा सोबत सरकतात. इथे एक तार स्थिर राहते, दुसरी चालते. १९५४ साली गाजलेल्या, अमेरिकन कंट्री गायक वेब पिअर्स यांच्या एका गाण्यात पेडल स्टील वाजवणाऱ्या बड आयझॅक्स यांनी तार वाजत असतानाच पेडल दाबलं, आणि तेव्हापासून या वाद्याची ओळखच ती झाली. वाटेत कोमल धैवतावर पाय थांबवता आला पाहिजे. मला हा एकच पलटा इतर दहा पलट्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

बारचं सांगायचं तर फ्रेट म्हणजे नुसत्या रेघा. बार बरोब्बर रेघेच्या वर हवा आणि नजर सरळ वरून. जमलं की डोळे मिटून तेच करा.

स्वर मिसळतात ते ब्लॉकिंग, म्हणजे वाजलेली तार वेळेवर बंद करणं, कच्चं असल्यामुळे. उजव्या तळहाताच्या कडेने प्रत्येक स्वर पुढच्या मात्रेला बंद करा, आणि डाव्या हाताची बोटं बारच्या मागे तारांवर टेकलेली ठेवा. तेवढा वेळ व्हॉल्यूम पेडलवरचा पाय हलवू नका. त्या पेडलखाली बरेच दोष झाकले जातात. पावसात लाइट गेली की हाच रियाज ॲम्पशिवाय करा. आवाज बारीक येतो, पण कुठली तार मागे वाजत राहिली ते लगेच कळतं.

मग जी मेजर तीन जागी शोधा: तिसऱ्या फ्रेटवर पेडलाशिवाय, सहाव्यावर पहिलं पेडल आणि ई तार चढवणारा, गुडघ्याने ढकलायचा लिव्हर लावून, दहाव्यावर दोन्ही पेडलं दाबून. तिन्ही ठिकाणी तानपुरा जी वर, म्हणजे पांढरी पाचवर, हवाच.

आपल्याकडची खारी हवा तारा लवकर खाते. गंजलेल्या तारेवर बार खरखरतो आणि सूरही फसवा लागतो. स्टेनलेस स्टीलच्या तारा घ्या, वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसा, आणि समुद्राकडच्या खिडकीपाशी वाद्य उघडं ठेवू नका.

थोडा हात बसला की गावातल्या भजनी मंडळाबरोबर बसा. बुवांच्या दोन ओळींमधली जागा भरणं हेच या वाद्याचं नॅशव्हिलमधलंही, म्हणजे अमेरिकन कंट्री संगीताच्या शहरातलंही, काम. तिथे पेटी असेल, म्हणून बसण्याआधी गंधार थोडा चढवून घ्या आणि घरी आल्यावर पुन्हा तानपुऱ्याला मिळवा.