भ्रूणाची स्वतःची जनुकं नेमकी केव्हा आणि कशी चालू होतात?

आयव्हीएफमध्ये तुमचे काही भ्रूण तिसऱ्या दिवशी वाढायचे थांबले, आणि ‘त्यांची स्वतःची जनुकं चालू झाली नसावीत’ असं डॉक्टर म्हणाले. याचा अर्थ काय, असं तुम्ही विचारलंय.

फलन झालं की नवी जनुकं लगेच कामाला लागतात, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात पहिले दोन-तीन दिवस भ्रूण जगतो तो आईच्या शिदोरीवर. स्त्रीबीज अंडाशयात वाढतानाच हजारो जनुकांचे एमआरएनए (प्रथिनं बनवण्यासाठी जनुकांवरून काढलेल्या प्रती) आणि प्रथिनं साठवतं आणि मग स्वतःची जनुकं जवळजवळ बंद करून घेतं. एकाच्या दोन, दोनाच्या चार पेशी होतात त्या या साठ्यावर.

पीटर ब्रॉड, व्हर्जिनिया बोल्टन आणि स्टीफन मूर या संशोधकांनी हे १९८८ मध्ये दाखवलं. विषारी अळंबीतलं अल्फा-अमॅनिटिन नवा आरएनए बनू देत नाही. ते घालूनही मानवी भ्रूण चार पेशींपर्यंत विभागत गेले, पुढे अडले; म्हणजे तिथून पुढे स्वतःची जनुकं चालू व्हावी लागतात. उंदरात मात्र हा टप्पा दोन पेशींनाच येतो, म्हणून उंदरावरचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावू नयेत.

मग चालू करतं कोण? मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते डक्स-४. चार पेशींच्या सुमाराला हे प्रथिन थोडा वेळ येतं, डीएनएची घट्ट गुंडाळी ठरावीक जागी सैल करतं आणि झेडस्कॅन-४ सारखी जनुकं जागी करतं. फार पूर्वी आपल्या जनुकसंचात शिरलेल्या विषाणूंचे अवशेषसुद्धा त्या वेळी वाचले जातात! मग डक्स-४ निघून जातं, आणि ते जायलाच हवं. मोठेपणी स्नायूंत ते पुन्हा चालू झालं तर चेहरा, खांदे आणि दंड दुबळे करणारा स्नायूंचा आजार होतो. सगळं त्या एकट्यावर अवलंबून नाही. टीपीआरएक्स गटातली प्रथिनं कमी केली तर जनुकं नीट चालू होत नाहीत आणि वाढ खुंटते, हे २०२२ मध्ये दिसलं.

भ्रूण थांबण्यामागे बऱ्याचदा गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते. तुम्ही काय खाल्लं, किती धावपळ केली, याचा यात दोष शोधू नका. पुढच्या भेटीत एम्ब्रियॉलॉजिस्टना (प्रयोगशाळेत भ्रूण वाढवणाऱ्या तज्ज्ञांना) एवढं जरूर विचारा, की भ्रूण नेमके किती पेशींवर थांबले. चारच्या आत थांबले असतील तर आधी स्त्रीबीजाकडे बघतात. आठच्या आसपास थांबले असतील तर वडिलांची जनुकंही तोवर वाचली जाऊ लागलेली असतात, म्हणून शुक्राणूंच्या डीएनएची तपासणी करावी का, हेही विचारून घ्या.