आडनाव बदलून पाठवू का?

पत्र: मुलीला इंग्लंडमध्ये एमएस्सीला प्रवेश मिळालाय, राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही मंजूर झाली. सप्टेंबरात निघेल. पण तिकडे शिकून आलेला भाचा सांगतो, आपल्या देशाचीच मुलं आडनाव विचारून अंतर ठेवतात. जाण्याआधी गॅझेट करून गावावरून ‘-कर’ लावावं असं मनात आहे. बाबासाहेबांना तिकडे जात आडवी आली नाही म्हणतात, मग आता कशी येते? विद्यापीठ यात काही मदत करतं का? – एक वडील, लातूर

उत्तर:

जय भीम दादा. पोरीचं आणि तुमचं अभिनंदन.

आधी गॅझेटचं बोलू, कारण तिथे घाई झाली तर नुकसान आहे. आत्ता आडनाव बदलू नका. पासपोर्ट, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, शिष्यवृत्तीचा मंजुरी आदेश, सगळं जुन्या नावावर आहे. व्हिसासाठी विद्यापीठ जो कॅस क्रमांक देतं, त्यावरचं नावही पासपोर्टाबरहुकूम लागतं. आडनाव बदललंत की पासपोर्टापासून नव्याने सुरुवात, आणि पुण्याला समाजकल्याण आयुक्तालयात खुलाशाचे कागद वेगळे. आपल्याकडे एका वेलांटीवरून फाइल परत येते, हे मी तुम्हाला काय सांगायचं.

आणि एवढं करून आडनाव लपवण्याचा उपयोगही नाही. चार मुली एकत्र बसल्या की दुसऱ्याच दिवशी प्रश्न येतो, ‘फी कशी भरतेस? कोणती स्कॉलरशिप?’ ही शिष्यवृत्ती अनुसूचित जाती-नवबौद्धांची, नाव सांगितलं की ज्याला ओळखायचंय तो ओळखतो.

बाबासाहेबांबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. १९१३ मध्ये ते कोलंबियाला गेले, १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला. परदेशातल्या त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. बडोद्याला परतले आणि राहायचं कुठे हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा ती परत आली. पण त्या काळी तिकडे भारतीय विद्यार्थी होते किती? आज मास्टर्सच्या काही वर्गांत निम्मी मुलं आपली असतात. खोली, स्वयंपाकघर, सुट्टीतली नोकरी, सगळं त्यांच्याच ओळखीतून मिळतं. बडोद्याचा प्रश्न आता विमानात बसून तिकडे पोचलाय. गोरी माणसं जात विचारत नाहीत, त्यांना ती कळतही नाही. विचारतात ते आपलेच.

माझ्या एका विद्यार्थिनीचं सांगतो. पाच भारतीय मुलींनी मिळून घर घेतलं. शिष्यवृत्तीचा विषय निघाला, आणि आठवड्याभरात हिच्यासाठी वेगळी कढई आली. कारण सांगितलं, ‘आमचं व्हेज आहे ना.’ पण पाचातली एक त्याच व्हेज कढईत रोज सकाळी अंडी करायची! वाईट शब्द कुणी बोललं नाही. पोरगी मला फोनवर म्हणाली, ‘सर, तक्रारीत लिहू काय? कढई?’ मी म्हटलं, हो, कढईच लिही. तारीख घाल, कोण काय म्हणालं ते शब्दशः लिही.

आता विद्यापीठाचं. तिकडच्या समानता कायद्यात, म्हणजे इक्वॅलिटी ॲक्ट २०१० मध्ये, वंश, धर्म, अपंगत्व, लैंगिकता वगैरे नऊ गोष्टी आहेत. जात वेगळी लिहिलेली नाही. २०१३ मध्ये संसदेने ती घालायला सांगितलं होतं, २०१८ मध्ये सरकारने नको म्हटलं. आधार आहे तो डिसेंबर २०१४ च्या एका अपील न्यायाधिकरणाच्या निकालाचा. घरकामाला नेलेल्या एका आदिवासी बाईच्या खटल्यात, जात ही ‘वांशिक मूळ’ या शब्दांत बसू शकते, असं तिथे म्हटलं गेलं. अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये आणि कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ मध्ये आपल्या धोरणात जात स्पष्ट लिहिली. ब्रिटनमध्ये मात्र विद्यापीठागणिक फरक सापडेल.

म्हणून मुलीने आत्ताच ईमेल करून विचारावं: तुमच्या छळविरोधी धोरणात जातीचा उल्लेख आहे का? नसेल तर अशी तक्रार कोणत्या सदरात घेता? पहिल्यांदा भेटायचं कुणाला? ईमेल तिनेच करावा. तिच्या संमतीशिवाय ते वडिलांशी काही बोलणार नाहीत, तिथली पद्धतच ती. उत्तर गुळमुळीत आलं तरी जपून ठेवायचं, लेखी आहे. पर्सनल ट्यूटर, म्हणजे अडीअडचणीला नेमून दिलेले प्राध्यापक, मिळेल, पण त्याला जात समजावून सांगण्यातच पहिली भेट जाईल, ही तयारी ठेवावी. स्टुडंट्स युनियनचं सल्ला केंद्र मला जास्त कामाचं वाटतं, ते विद्यार्थ्याच्या बाजूने बसतं. विद्यापीठातली तक्रारीची वाट संपली आणि समाधान झालं नाही, तर ‘ऑफिस ऑफ द इंडिपेंडंट ॲडज्युडिकेटर’ ही विद्यापीठाबाहेरची स्वतंत्र तक्रार संस्था आहे. विद्यार्थ्याला फी नाही, फक्त विद्यापीठाचं अंतिम पत्र आल्यापासून बारा महिन्यांच्या आत जावं लागतं.

तरीही दादा, कुणाला काय सांगायचं आणि काय नाही, हे तिचं तिला ठरवू द्या. काही मुली पहिल्या दिवशीच लॅपटॉपवर निळा स्टिकर लावतात, काही वर्षभर गप्प राहून अभ्यास करतात. दोन्हींत कमीपणा नाही. तिला नुसत्या पहिल्या नावाने वावरायचं असेल, तर बऱ्याच विद्यापीठांच्या नोंदणीत ‘प्रेफर्ड नेम’चा रकाना असतो. त्याला गॅझेट लागत नाही, पदवीवर नाव पासपोर्टातलंच येतं.

एक गोष्ट मात्र याच आठवड्यात करा. विद्यापीठाच्या वसतिगृहाचा अर्ज भरा. खोली स्वतंत्र, स्वयंपाकघर सामाईक, पण त्यात कुठकुठल्या देशांची मुलं येतील. भाडं जास्त आहे, तरी ते सोसा. मुदत हुकली की मग ‘प्युअर व्हेज मुलगी हवी’ लिहिणारे व्हॉट्सॲप ग्रुपच उरतात.