सुरुवात विसाव्या कलमापासून करा
व्यापार कायदा आणि मानवी हक्क यांना एकमेकांचे वैरी मानून अभ्यासाला सुरुवात करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आधी १९४७ च्या गॅट कराराचे, म्हणजे देशादेशांतील आयातशुल्क व व्यापाराचे नियम ठरवणाऱ्या कराराचे, विसावे कलम शब्दशः वाचा. त्यात ‘मानवी हक्क’ हे शब्द नाहीत. तरीही सार्वजनिक नीतिमत्ता, मानवी जीवन व आरोग्य आणि कैद्यांच्या श्रमातून तयार झालेला माल यांसाठी अपवाद आहेत, आणि खरी कसोटी लागते ती त्या कलमाच्या आरंभीच्या अटीवर, म्हणजे अपवादाच्या आडून देशादेशांत अन्यायकारक भेदभाव तर होत नाही ना, यावर. मग औषधांच्या पेटंटकडे वळा. जागतिक व्यापार संघटनेच्या दोहा जाहीरनाम्याने २००१ मध्ये सक्तीचे परवाने, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय औषध बनवण्याची परवानगी, देण्याचा देशांचा अधिकार स्पष्ट केला. मात्र औषधनिर्मितीची क्षमताच नसलेल्या देशांसाठी अशी औषधे दुसऱ्या देशातून आणण्याची तात्पुरती सवलत २००३ मध्ये आली आणि ट्रिप्स या बौद्धिक संपदेच्या करारात तशी कायमची दुरुस्ती अंमलात यायला २०१७ उजाडले. ही कागदपत्रे वाचताना रुग्णाला नजरेआड होऊ देऊ नका.