ऑईलचा काटा खाली आला म्हणून लगेच इंजिन खोलू नका

या वेळच्या पत्रांमध्ये ऑईल प्रेशरचे प्रश्न बरेच आलेत, त्यातले तीन घेतोय. पहिल्याला जास्त जागा दिलीय, कारण त्यात बाकीच्यांचीही बरीच उत्तरं येऊन जातात.

प्रश्न (ओतूर, जि. पुणे): नमस्कार दादा, आमच्याकडं १९९३ ची महिंद्रा एमएम ५४० आहे, प्युजोचं डिझेल इंजिन. सकाळी थंड असताना ऑईलचा काटा ४ किलोला (दर चौरस सेंटिमीटरला ४ किलो) असतो, पण कल्याणला माल टाकून परत येताना माळशेज चढून वर आलं की रनिंगला दीड आणि स्लोला (रेस न देता) सोडली की जवळजवळ शून्य. आवाज काही नाही, धूरही नेहमीचाच. मिस्त्री म्हणतात बेरिंगा गेल्यात, इंजिन उतरवून क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा) ग्राइंड करावा लागेल. टोमॅटोचा सीझन तोंडावर आलाय, खरंच खोलायचं का?

उत्तर: आत्ता लगेच खोलू नका. मिस्त्री चुकीचंच सांगतायत असं माझं म्हणणं नाही, बेरिंगा गेलेल्या असू शकतात, पण आत्ता तुमच्या हातात पुरावा आहे तो फक्त डॅशबोर्डवरच्या तीसेक वर्षं जुन्या मीटरचा, आणि तेवढ्यावर क्रँक बाहेर काढणं मला अजिबात पटत नाही. आधी खरं प्रेशर किती आहे ते मोजायचं. पण मोजून होईपर्यंत गाडी घाटात घालू नका, कारण काटा खरं बोलत असला तर एकाच चढात क्रँक जाईल.

सगळ्यात आधी डिपस्टिक. गाडी सपाट जागेवर लावा, बंद करून दहा मिनिटं थांबा आणि मग बघा. लेव्हल कमी असेल तर चढावर ऑईल चेंबरमध्ये (इंजिनखालच्या ऑईलच्या टाकीत) मागं सरकतं, स्ट्रेनर, म्हणजे पंप ऑईल ओढतो त्या तोंडावरची जाळी, उघडा पडतो आणि काटा पडतो, एवढं साधं कारणही निघू शकतं. उलट लेव्हल वाढलेली दिसली तर जास्त सावध व्हा, कारण ऑईल आपोआप वाढत नाही, त्यात डिझेल नाहीतर पाणी उतरतंय. डिझेल असेल तर वास येतो आणि बोटांमध्ये चोळल्यावर ऑईल पाण्यासारखं पातळ लागतं, पाणी असेल तर फिलर कॅपच्या आत दुधाळ फेस दिसतो. नुसत्या रंगावर जाऊ नका, डिझेल इंजिनचं ऑईल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं.

हे सगळं ठीक असेल तर मेकॅनिकल गेज, म्हणजे वायरशिवाय थेट ऑईलचं प्रेशर दाखवणारा काटा, लावायचा. ब्लॉकवर जिथं ऑईल प्रेशरचा सेंडर (प्रेशर मोजून मीटरला कळवणारा भाग) बसवलेला असतो तो काढून त्याच आट्यात गेजची नळी बसवायची. ट्रॅक्टर किंवा जेसीबीचं काम करणाऱ्यांकडं हा गेज अडॅप्टरसकट हमखास मिळतो, एक दिवसासाठी मागून आणा. नळी एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डपासून लांब ठेवा, गरम ऑईल त्याच्यावर उडालं तर आग लागते. मग गाडी वीस-पंचवीस किलोमीटर सपाट रस्त्यानं चालवून पूर्ण गरम करा आणि दोन आकडे लिहून घ्या, एक स्लोचा आणि एक साधारण २००० आरपीएमचा. थंड इंजिनचं ४ किलो रीडिंग काहीच सांगत नाही, थंड ऑईल घट्ट असतं म्हणून खराब इंजिनसुद्धा सकाळी चांगलं प्रेशर दाखवतं.

आकडा किती हवा? तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये दिलाय तोच खरा, पण मॅन्युअल नसेल तर जुना ठोकताळा असा की दर १००० आरपीएमला साधारण १० पीएसआय, म्हणजे ०.७ किलो. त्या हिशोबानं गरम इंजिनला स्लोवर अर्धा-पाऊण किलो आणि २००० ला दीड किलोच्या आसपास मिळालं तर ते काही वाईट नाही. म्हणजे तुमचा रनिंगचा दीडचा आकडा तसा घाबरण्यासारखा नाहीच, शंका आहे ती स्लोवरच्या शून्याची. आणि प्रेशर खरोखर शून्य असताना बेरिंगांनी आवाज केला नसता हे जरा अवघड वाटतं, म्हणून माझा पहिला संशय मीटरवर आहे.

गेज चांगलं प्रेशर दाखवत असेल तर इंजिनला हात लावू नका, वायरिंग बघा. सेंडरची वायर काढली की काटा एका टोकाला जायला हवा आणि तीच वायर क्षणभर ब्लॉकला टेकवली की दुसऱ्या टोकाला, तसं झालं तर मीटर आणि वायर ठीक, सेंडर बदला. नवीन सेंडर बसवताना आट्यांना टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळू नका, सेंडरला अर्थ त्या आट्यांमधूनच मिळतो. इंजिन रबरी माउंटिंगवर असतं त्यामुळं इंजिन ते चासी ही अर्थची पट्टी तुटलेली किंवा गंजलेली असली तरी रीडिंग भलतंच येतं, तीही साफ करा. काही जुन्या जीपना वायरच नसते, ऑईलची बारीक नळी थेट मीटरपर्यंत येते, तशी असेल तर ती चेपलीय किंवा गाळानं भरलीय का ते बघायचं.

आता गेजवरही प्रेशर कमीच निघालं असं धरू. तरी कारण बेरिंगच असेल असं नाही आणि इथंच बहुतेक ठिकाणी घाई होते. ते प्रेशर कसं कमी झालं हे आठवून बघा. काही वर्षांत हळूहळू खाली येत गेलं, इंजिन थंड असताना चांगलं आणि गरम झाल्यावर पडतं, रेस दिली की वाढतं, तर ती बेरिंगांची झीज असण्याची शक्यता जास्त. काल चांगलं होतं आणि आज अचानक पडलं, रेस देऊनही फारसं वाढत नाही, तर रिलीफ व्हॉल्व्हमध्ये (जादा प्रेशर सोडून देणाऱ्या झडपेत) कचरा अडकून तो उघडा राहिलाय का ते बघायचं, तो काढून धुतला आणि प्लंजर मोकळा हलायला लागला की काम झालं. आणि हायवेला बराच वेळ पळवल्यावर काटा पडतो, गाडी थोडा वेळ बंद ठेवली की परत वर येतो, तर स्ट्रेनरची जाळी गाळानं चोंदलीय, ओढलेला गाळ जाळीला चिकटतो आणि गाडी थांबली की सुटून खाली बसतो. असा गाळ असलेल्या इंजिनात बाटलीतलं फ्लशिंग टाकू नका, साचलेला सगळा गाळ एकदम सुटून जाळीवर येतो.

यासाठी इंजिन उतरवायची गरज नाही, चेंबर खालून काढा. जाळी धुवा, ऑईल पंपाच्या गिअरमधला आणि कव्हरमधला गॅप फीलर गेजनं मोजा, पंपाच्या नळीचा जोड सैल नाही ना बघा, तिथून हवा ओढली तरी प्रेशर जातं. मग कनेक्टिंग रॉडच्या एक-दोन कॅप खोला. शेलचा (आतल्या बेरिंगच्या अर्धगोल पत्र्याचा) पृष्ठभाग एकसारखा राखाडी असेल तर ठीक, खाली तांबूस दिसायला लागलं तर शेल संपले. प्लास्टिगेजची (दाबल्यावर किती पसरली त्यावरून गॅप सांगणारी मऊ प्लास्टिकची) पट्टी ठेवून क्लिअरन्स, म्हणजे शेल आणि क्रँकमधला गॅप, मोजता येतो, अशा इंजिनांना साधारण एक ते तीन थाऊ (इंचाचा हजारावा भाग) असतो, म्हणजे ०.०२५ ते ०.०७५ मिलिमीटर. हा गॅप इतका महत्त्वाचा का, तर तो दुप्पट झाला की त्यातून निसटणारं ऑईल दुप्पट नाही तर आठपट होतं. पंप ऑईल ढकलत राहतो, प्रेशर तयार होतं ते या बारीक गॅपांमधल्या अडथळ्यानं, अडथळाच राहिला नाही तर नवीन पंप टाकूनही काटा फारसा हलत नाही.

शेल गेलेले निघाले तर मिस्त्रींना एवढंच सांगा की क्रँकची जर्नल (शेल बसतात तो गोल भाग) मायक्रोमीटरनं दोन दिशांनी मोजल्याशिवाय नवीन शेल घालायचे नाहीत. जर्नल अंडाकृती झालेली असताना स्टँडर्ड शेल घातले तर सीझनभरसुद्धा टिकणार नाहीत, मग मात्र दहा किंवा वीस थाऊ ग्राइंडिंग आणि त्याच मापाचे अंडरसाइज शेल, हाच मार्ग. परत जोडताना पंपात ऑईल भरून बसवा आणि इंजिन स्टॉपवर ठेवून, म्हणजे डिझेल बंद ठेवून, स्टार्टरनं थोडं थोडं फिरवा, काटा उचलला की मगच सुरू करा.

प्रश्न (कागल, जि. कोल्हापूर): माझी १९९८ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली. गाडी गरम झाली की सिग्नलला ऑईलचा लाल दिवा लुकलुकतो, जरा रेस दिली की विझतो. स्विच दोनदा बदलून झाला. चालवू का?

उत्तर: गेज लावून बघेपर्यंत लांब नेऊ नका. तो दिवा प्रेशर फार खाली, म्हणजे साधारण पाव-अर्ध्या किलोच्या आसपास आलं की पेटतो, त्यामुळं दिवा विझलाय म्हणजे सगळं ठीक असं धरता येत नाही. चालत्या गाडीत दिवा पेटून राहिला तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा आणि टो करून न्या, गॅरेज जवळच आहे म्हणून चालवत जायचं नाही.

दोन स्विच बदलूनही फरक नाही म्हणजे तिसरा बदलण्यात अर्थ नाही, त्याच भोकात मेकॅनिकल गेज लावा. त्याआधी स्लो स्पीड बघा, ८००-९०० च्या आसपास हवा, कार्बोरेटरची सेटिंग बिघडून तो ६०० वर आला असेल तर नुसतं तेवढ्यानंही दिवा लुकलुकतो. डिपस्टिकचा वास घ्या, पेट्रोलचा येत असेल तर मेकॅनिकल फ्युएल पंपाचा डायफ्रॅम फाटलाय, पंप आणि ऑईल दोन्ही बदला. आणि गाडीखाली वाकून चेंबर नक्की बघा. ८०० खाली बसकी आहे, खडकाळ रस्त्यावर चेंबरला आपट बसून तो आत दबला की पत्रा स्ट्रेनरच्या तोंडाला लागतो आणि पंपाला ऑईलच ओढता येत नाही. चेंबर काढून ठोकून सरळ केला की बऱ्याच गाड्यांचं दुखणं तिथंच संपतं.

प्रश्न (म्हापसा, गोवा): माझ्याकडं जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. प्रेशर कमी होतं म्हणून १५डब्ल्यू४० ऑईल काढून २०डब्ल्यू५० टाकलं आणि मिस्त्रीनं रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली एक वायसरही घातला. आता गेजवर काटा वर आलाय. प्रॉब्लेम गेला ना?

उत्तर: काटा वर आला, झीज आहे तिथंच आहे. डब्ल्यूनंतरचा आकडा हा गरम ऑईलचा ग्रेड. १०० अंशाला ४० ग्रेडच्या ऑईलची व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असते आणि ५० ग्रेडची १६.३ ते २१.९, म्हणजे घट्ट ऑईल त्याच मोठ्या झालेल्या गॅपमधून हळू निसटतं म्हणून रीडिंग वाढतं. (१५डब्ल्यू४० वरून २०डब्ल्यू४० केलं असतं तर गरम इंजिनला काहीच फरक पडला नसता, दोन्ही गरम झाल्यावर ४० च.) गोव्याच्या हवेत जुन्या पद्मिनीला २०डब्ल्यू५० चालतं, त्यात चूक काही नाही, खुशाल ठेवा, फक्त सकाळी सुरू केल्यावर अर्धा मिनिट तरी रेस देऊ नका आणि दर महिन्याला गरम इंजिनचं रीडिंग वहीत लिहून ठेवा. ते परत खाली यायला लागलं तर चेंबर काढून शेल बघायची वेळ आली.

वायसर मात्र काढून टाका. स्लोला प्रेशर कमी असताना रिलीफ व्हॉल्व्ह तसाही बंदच असतो, स्प्रिंग कडक केल्यानं तिथं काहीच वाढत नाही. वाढतं ते थंड इंजिनला रेस दिल्यावरचं प्रेशर, त्या वेळी व्हॉल्व्हनं उघडायला हवं आणि तो उशिरा उघडतो, मग फिल्टर फुगतो नाहीतर त्याची रबरी रिंग सटकून ऑईल बाहेर येतं. स्प्रिंग खरंच दबलेली वाटत असेल तर नवीन स्प्रिंगशेजारी उभी करून लांबी बघा, आखूड असेल तर नवीनच घाला.