प्रार्थनेला बसलं की शब्दच सुचत नाहीत. पाळकांसारखी प्रार्थना कशी जमेल, आणि रोज किती वेळ केली म्हणजे आत्मिक वाढ होते?

पाळकांसारखी प्रार्थना जमायलाच हवी, हे तुमच्या डोक्यात कुणी घातलं? तुम्ही लिहिलंय की घरप्रार्थनेत तुमची पाळी आली की घसा कोरडा पडतो, दोन वाक्यांत सगळं संपतं आणि शेजारी बसलेले लोक मात्र थांबायचं नाव घेत नाहीत. मी उभं आयुष्य पाळकी केली, आता निवृत्त आहे. दोन वाक्यांत संपत असेल तर संपू द्या. बायबलातली गोष्ट बघा: कर्मेल डोंगरावर बआल दैवताचे संदेष्टे सकाळपासून ओरडत होते. देवाचा संदेष्टा एलीया, त्याची प्रार्थना दोन वचनांत आटोपली. येशूच्या दाखल्यातल्या जकातदाराची तर एका ओळीची होती, आणि नीतिमान ठरून घरी गेला तोच.

शब्द नसतील तर उसने घ्या. स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलातलं स्तोत्रांचं पुस्तक, त्यासाठीच आहे. पण हे म्हटलं की आपल्याच लोकांच्या कपाळावर आठ्या पडतात, आणि त्याबद्दल मला बोलायचंच आहे.

नेवासा तालुक्यातल्या मंडळ्या माझ्याकडे होत्या तेव्हाची गोष्ट. शेतीला लाईट रात्रीची. मंडळीतला एक तरणा मुलगा रात्री मोटार चालू करायला विहिरीवर गेला आणि शॉक लागून जागीच गेला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मातीनंतर तिसऱ्या दिवशी घरी प्रार्थना ठेवली. शहरातून एक ज्येष्ठ पाळक आले होते. मोठे वक्ते, आवाज खणखणीत. त्यांनी डोळे मिटले आणि सुरू केलं: देवाची योजना आपल्याला कळत नाही, देवाला आपल्या बागेत हे फूल हवं होतं, या कुटुंबाला आनंदाचा आत्मा दे. मी डोळे उघडेच ठेवले होते. मुलाची आई भिंतीला टेकून बसली होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. बाप ओट्यावर, आमच्याकडे पाठ करून. देवळात त्याचं येणं कधीच सुटलं होतं.

मग मला बोलायला सांगितलं. मी संदेश दिला नाही. शास्त्र उघडलं आणि स्तोत्र 88 वाचलं, सावकाश. ज्यांना हे स्तोत्र माहीत आहे त्यांना ठाऊक असेल की त्यात शेवटी उजाडत नाही. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटाकडे स्तुतीला वळतात. हे वळत नाही. अठराव्या वचनात ते अंधारातच संपतं. मी तिथेच थांबलो, आमेनही म्हटलं नाही. ओट्यावरून बापाचा आवाज आला, “पाळकसाहेब, हे आपल्या बायबलात आहे?” आहे म्हटलं. “परत वाचा.” परत वाचलं. तेव्हा ती बाई रडली. तीन दिवसांत पहिल्यांदा, असं तिची जाऊ नंतर म्हणाली.

बाहेर पडताच ज्येष्ठांनी मला बाजूला घेतलं. दुःखाच्या घरी आशा द्यायची सोडून अंधार वाचतोस? पुढे पाळकांच्या बैठकीतही विषय निघाला. वाचलेली प्रार्थना म्हणजे शिळी भाकरी, आत्म्याने दिलेली तीच ताजी, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. मी तेव्हा दिलेलं उत्तर आजही बदलणार नाही. वधस्तंभावर प्रभू येशूने नवे शब्द शोधले नाहीत. 22व्या स्तोत्राची पहिली ओळ त्याच्या तोंडी आली, आणि प्राण सोडताना 31व्या स्तोत्रातली. शिळं म्हणायचं असेल तर आधी त्याला म्हणा. पवित्र आत्म्याने एकदा लिहून घेतलेले शब्द परत वापरले की आत्मा निघून जातो, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

आपली खेड्यातली माणसं हे न शिकवता करत होती. नगरकडच्या ज्या म्हाताऱ्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांना ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतांच्या पुस्तकातली कवी नारायण वामन टिळकांची पदं तोंडपाठ असायची. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांशी नातं तोडलं नाही. तुकारामांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी आलो असं ते सांगत. निंदणी करताना त्या पदांतली एखादी ओळ गुणगुणणाऱ्या बाईची प्रार्थना माइकवरच्या प्रार्थनेपेक्षा कमी, हे मला कुणी पटवून द्यावं.

उपदेशाचंही तेच. ज्या पाळकाने आठवडाभर कुणाच्या घरी पाय ठेवला नाही, त्याचा रविवारचा संदेश कितीही मुद्देसूद असो, तो मंडळीला लागत नाही. असो, तुम्ही ते विचारलं नव्हतं.

किती वेळ? मिनिटं मोजू नका. रोज एक स्तोत्र, ठरलेल्या वेळी, स्वतःला ऐकू येईल एवढ्या आवाजात. 150 आहेत, पाच महिन्यांत एक फेरी होते. कळलं नाही तरी पुढे जा. आणि वाढ गुडघ्यांवर मोजायची नसते. घरात सुनेशी कसं बोलता, शेतावरच्या बायांची मजुरी आठवड्याच्या आठवड्याला देता का, ते बघा. उपास धरून मजुरी थकवणारे मी पाहिलेत. त्यांच्यासाठी बायबलातल्या यशयाच्या पुस्तकाचा 58वा अध्याय आहे. विहिरीवर गेलेल्या त्या मुलाच्या बापाचं म्हणाल तर तो लगेच देवळात आला नाही. रात्री स्तोत्रं वाचायचा आणि मला भेटला की देवाशी भांडल्यासारखा माझ्याशी भांडायचा. त्याला मी वाढच म्हणतो. बैठकीत तसं सांगितलं, तर ज्येष्ठ गप्प राहिले.

एक गोष्ट राहिली. उत्स्फूर्त, मोठ्याने केलेल्या प्रार्थनेला माझा विरोध आहे असं समजू नका. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली मुली आणि बाया एकाच वेळी मोठ्याने रडत प्रार्थना करत होत्या, आणि ते खरं होतं. तुमच्या आतून तसं आलं तर अडवू नका. आणि शब्द न सुचण्याबरोबर झोप, भूक, कामातलं मन हे सगळंच गेलं असेल, तर डॉक्टरांनाही दाखवा. त्याने विश्वास कमी होत नाही.

सुरुवात पहिल्या स्तोत्रापासून करू नका, 13व्यापासून करा. सहाच वचनं आहेत, आणि पहिलंच वचन तक्रारीचं आहे. घरप्रार्थनेत पुढच्या वेळी तुमची पाळी आली की तेच वाचा. कुणी नाक मुरडलं तर माझं हे उत्तर त्यांना दाखवा.